गाडीचं नवं नाक

खोली दाखवायच्या आधी दत्ताअण्णांनी मला जिना दोनदा चढायला लावला. मला वाटलं, जिना किती भक्कम आहे ते दाखवायचं असेल. दुसऱ्यांदा वर पोचले तेव्हा अण्णा डोळे मिटून, कान माझ्याकडे करून उभे होते.

"मॅडम, तुमचा फिल्टर चोक हाय," ते म्हणाले. "हितं ऱ्हावा दोन म्हयने. सुटंल."

भाडं, पाणी, लाइट यांतलं काहीही बोलणं व्हायच्या आत माझं निदान होऊन गेलं होतं. मी खरोखरच दोन महिन्यांसाठी आले होते. लॅपटॉप असला की माझं काम कुठूनही चालतं, आणि शहरातल्या हॉर्नना मी कंटाळले होते, म्हणून रिहे गावातली ही खोली बघायला आले. त्याला आता तीन वर्षं झाली. फिल्टर सुटला की नाही ठाऊक नाही, मी मात्र अडकले.

अण्णांनी तीस वर्षं उरवड्याच्या एका कारखान्यात कंप्रेसर सांभाळला. आपण कंप्रेसर म्हणतो तेव्हा एक यंत्र म्हणतो. अण्णा म्हणतात तेव्हा घरातलं वडीलधारं माणूस म्हणतात. "कारखाना मालकाचा न्हवता, मॅडम. कंप्रेसरचा हुता. त्यो बसला की मालकबी बसायचा." अण्णा निवृत्त होऊन बाहेर पडले, पण कंप्रेसर काही त्यांच्यातून बाहेर पडला नाही. जगातल्या यच्चयावत बिघाडांचं मूळ एकच, यावर त्यांचा गाढ विश्वास आहे. नळाला पाणी आलं नाही, आदी हवा बगा. भाकरी फुगली नाही, आदी हवा बगा. एकदा माझं इंटरनेट बंद पडलं तेव्हा मी कंपनीला फोन लावून बसले होते, तोवर अण्णांनी दात घासायचा जुना ब्रश घेऊन इंटरनेटच्या डबीची सगळी भोकं साफ केली होती. दुर्दैवानं त्याच मिनिटाला इंटरनेट चालू झालं. त्या दिवसापासून गावात कुणाचंही इंटरनेट गेलं की अण्णांना ब्रश घेऊन बोलावणं येतं.

माणसांनाही हाच न्याय. गावातल्या एका पुढाऱ्याबद्दल मी म्हटलं, सध्या त्यांची बरीच हवा आहे. अण्णा म्हणाले, "हवा हाय, पर प्रेशर न्हाई."

अशा माणसाच्या नावानं एक दिवस कुरिअर आलं. पार्सल मी घेतलं, कारण मोबाइलवर येणारा तो आकडा कुणाला सांगायचा नाही असं अण्णांनी कुठंतरी ऐकलं होतं, आणि ते तो कुरिअरवाल्यालाही सांगायला तयार नव्हते. खोक्यातून एक लालभडक, शंकूच्या आकाराची जाळीदार वस्तू निघाली, एक चकचकीत वाकडी नळी निघाली आणि तीन पट्ट्या निघाल्या.

"भोंगा आणलाय का काय?" सुमनवहिनींनी विचारलं. वहिनी म्हणजे अण्णांची बायको. हातातलं काम न थांबवता समोरच्याला जमिनीवर आणायची कला त्यांना अवगत आहे.

"नाक हाय," अण्णा म्हणाले.

"कुणाचं?"

"गाडीचं. कंपनीनं दिलेलं नाक बारीक हाय. मोठी हवा आत जाईत न्हाई. ह्यो फिल्टर बसवला का गाडी छाती भरून दम घील आन चढाला पळंल."

अण्णांची गाडी म्हणजे चौदा वर्षांची पांढरी, छोटी, साधी गाडी. बाजारला जाणारी, लग्नाला जाणारी, पावसाळ्यात काचेवर आतून फडकं मारावं लागणारी. असले फिल्टर शर्यतीची हौस असलेली मुलं बसवतात. एकसष्ट वर्षांच्या, चाळीसच्या पुढे काटा न नेणाऱ्या माणसाला चढावर पळायची घाई कसली, हे मला कळेना. अण्णा पार्सल घेऊन गाडीकडे गेल्यावर वहिनींनी तांदूळ निवडता निवडता मला सगळं सांगितलं. दरवर्षी जत्रेच्या दिवसांत मी आईकडे जायचे, त्यामुळे यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं.

अण्णांना एकच बहीण. आक्का. त्यांच्यापेक्षा दहा-अकरा वर्षांनी मोठ्या. त्यांचं सासर मुळशी धरणाच्या पाण्याकाठी, डांबरी रस्ता सोडून एकदम खाली उतरावं लागतं अशा ठिकाणी. तिथं जाताना गाडी नुसती सोडली तरी पोचते. येताना मात्र तो चढ गाडीचा आणि माणसाचा अंत बघतो. दरवर्षी चैत्रातल्या गावजत्रेला अण्णा आक्कांना आणायला जायचे. दोन वर्षांमागे असेच गेले, आक्का नवं पातळ नेसून पुढच्या सीटवर बसल्या, आणि दुसऱ्या वळणावर गाडी थांबली. हापशावर पाच-सहा बायका पाणी भरत होत्या. त्यांच्यासमोर अण्णा म्हणाले, "आक्का, जरा उतर. जड व्हायलीस."

"गाडीला, असं म्हणायचं हुतं त्यास्नी," वहिनी म्हणाल्या. "पर गाडीला ह्यो शबुद तोंडातच ऱ्हायला."

कंप्रेसरवाल्याच्या लेखी जड म्हणजे लोड जास्त. पण सत्तरीला टेकलेल्या माहेरवाशिणीला, सख्ख्या भावानं, चारचौघींत, जत्रेला नेताना जड झालीस म्हणणं म्हणजे काय, हे कुणाही मराठी बाईला समजावून सांगायला नको. आक्का उतरल्या. पिशवी घेतली. आणि वर चालत यायच्या ऐवजी चढ उतरून सरळ घरी गेल्या. मागच्या वर्षी जत्रेला आल्या नाहीत. निरोप धाडला, "जड माणसानं आपल्या घरी ऱ्हावं."

"मग अण्णांनी फोन करून सांगायचं ना, तसं म्हणायचं नव्हतं म्हणून?"

"सांगत्यात की. म्हणत्यात, दोष गाडीचा हाय, गाडी सुदरवतो, मंग जातो. मागल्या जत्रेला ताट वाढून ठेवलं हुतं यांनी आक्काचं. दुपार सरली तरी उचलू दिलं न्हाई." वहिनींनी सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला. "औंदा आक्का आल्या न्हाईत तर परत कदी याच्या न्हाईत. बाई मानी हाय."

जत्रेला सोळा दिवस होते.

फिल्टर बसवायला अण्णांना त्यातले पाच लागले. बॉनेट उघडून त्यांनी आधी कंपनीचा काळा डबा सोडवला, त्यातून निघालेला जुना कागदी फिल्टर उन्हात धरला आणि तो मला, वहिनींना आणि शेजारच्या दोन घरांना फिरवून दाखवला. "ह्येच्यातनं दम घ्यायची बिचारी," असं ते म्हणाले. मग चकचकीत नळी, मग पट्ट्या, मग तो लाल शंकू. सगळं जागेवर बसलं. अण्णांनी गाडी सुरू केली, बॉनेटमध्ये हात घातला आणि त्यांचा चेहरा पडला.

"इंजिनची गरम हवा वडतंय ह्ये," ते म्हणाले. "गरम हवा पातळ अस्ती. आमी कंप्रेसरचं तोंड कायम शेडच्या भाईर ठिवायचो."

दुसऱ्या दिवशी वहिनींचा पापडांचा पत्र्याचा डबा नाहीसा झाला. पापड परातीत सापडले. डबा कापून, ठोकून, इंजिन आणि फिल्टर यांच्यामध्ये आडोसा म्हणून उभा राहिला होता आणि त्यावर तेलाच्या कंपनीचं सूर्यफूल हसत होतं. तिसऱ्या दिवशी वॉशिंग मशिननं पाणी सोडायची नळी हरवल्यामुळे न्हाणीघरात तळं केलं. ती नळी गाडीच्या पुढच्या जाळीपासून फिल्टरपर्यंत जाऊन बाहेरची गार हवा आत आणायला लागली होती.

"माझं घर सोडून बाकी कशाला हात लावला न्हाई म्हणायचं," वहिनी म्हणाल्या. पण नवी नळी मागवताना त्यांनी मला हळूच सांगितलं की दोन मागव, एखादी पुन्हा लागेल.

गाडीत फरक पडला. आवाजात. आधी ती गाडी शिलाई मशिनसारखी चालायची. आता अॅक्सिलरेटर दाबला की आतून मोठ्यानं घशातला कफ ओढल्यासारखा घूऽऽ आवाज यायचा. पहिल्याच फेरीत शेजाऱ्यांच्या म्हशीनं दावं तोडलं. अण्णा भलतेच खूश झाले. शनिवारी धरणाकडच्या रिसॉर्टवर निघालेल्या मुलांची एक गाडी आमच्या शेजारी आली, काच खाली झाली आणि आतल्या गॉगलवाल्यानं आदरानं विचारलं, "काका, इंजिनचं स्टेज टू ट्यूनिंग केलंय का?"

"स्टेज जत्रेला," अण्णा म्हणाले. "आजून येळ हाय."

पिरंगुटच्या मेकॅनिकनं मात्र गाडी एकदा चढावर नेऊन आणली आणि निकाल दिला. "अण्णा, हवेचा काय संबंध न्हाई. क्लच प्लेट गेलीय. इंजिन वरडतंय, पर जोर चाकापातूर पोचत न्हाई."

"यांचंबी तसंच हाय," वहिनी म्हणाल्या.

अण्णांना ते पटलं नाही. ज्या माणसानं सारं आयुष्य हवेवर काढलं, त्यानं साठीनंतर क्लच प्लेटवर विश्वास ठेवावा तरी कसा? त्यांनी चाचणी घ्यायचं ठरवलं. आक्कांइतकं वजन पुढच्या सीटवर ठेवून गावामागच्या चढावर गाडी घालायची. पण आक्कांचं वजन किती? अण्णांनी वहिनींना विचारलं. वहिनी म्हणाल्या, "मला म्हाईत हाय, पर मी सांगायची न्हाई. आधीच एकदा वजन काढून झालंय तुमचं." शेवटी अंदाजानं इंद्रायणी तांदळाची दोन पोती सीटवर उभी केली, त्यांना पट्टा बांधला आणि मागं मला बसवलं. गाडी चढली. रडतखडत, पण चढली.

त्यानंतर दोन दिवसांनी, सकाळी, मी खाली आले तर अंगणातल्या गाडीत अण्णा एकटेच बसलेले. शेजारच्या सीटवर पोती तशीच होती. काच अर्धी उघडी होती आणि अण्णा पोत्याकडे तोंड करून बोलत होते.

"आक्का, मी तसं म्हणलो न्हवतो," ते म्हणाले. थोडं थांबले. मान हलवली. "आक्का, माजं चुकलं." पुन्हा थांबले, घसा खाकरला. "आक्का, त्ये गाडीला म्हणलो मी."

मी पाय न वाजवता वर गेले. एरवी हे वहिनींना रंगवून सांगितल्याशिवाय मला अन्न गोड लागलं नसतं. त्या दिवशी मात्र मी कुणालाच काही सांगितलं नाही.

जत्रेच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. वहिनींच्या मागे पुरणाचा घाट होता, म्हणून माझी नेमणूक झाली. अण्णांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि सबंध वाटेत ते ओठ हलवून आपलं वाक्य घोकत होते. खाली पाण्याकाठी आक्कांच्या दारात गाडी उभी राहिली. आक्का ओट्यावर सुकट निवडत होत्या. भरल्या अंगाची, उंच बाई, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. त्यांनी गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, अण्णांकडे बघितलं नाही.

अण्णांनी जुळवून आणलेलं वाक्य तोंडाशी आलेलं मला दिसलं. पण ते आक्कांकडे जायच्या ऐवजी वळले आणि त्यांनी बॉनेट उघडलं.

"नवं नाक बसवलंय," ते म्हणाले.

आक्का उठून आल्या. लाल शंकू बघितला, चकचकीत नळी बघितली, सूर्यफूल बघितलं. बराच वेळ बघितलं.

"गाडीला नाक बसवलंस," त्या म्हणाल्या. "आन जिबंचं काय केलंस?"

अण्णांनी बॉनेट मिटलं. मग मीच पुढं होऊन म्हटलं, की आक्का, दोन आठवडे झाले, यांनी घरातला डबा न् नळीसुद्धा ठेवली नाही, चला ना. आक्का आत गेल्या. आम्हाला वाटलं संपलं. पाच मिनिटांनी त्या पातळ बदलून, पिशवी घेऊन बाहेर आल्या आणि पाठोपाठ त्यांच्या सुनेनं तांदळाचं वीस किलोचं पोतं आणून डिकीत टाकलं.

"तांदूळ कशाला, आक्का? आपल्यात हाय की," अण्णा म्हणाले.

"माह्यारी रिकाम्या हातानं येत न्हाई मी." पुढच्या सीटवर बसून त्यांनी दार ओढून घेतलं. "आन आयक दत्तू. मदी उतर म्हणलास, तर मी घरी जाईन. परत बलवाया यिऊ नगंस."

पहिलं वळण गाडीनं झोकात घेतलं. घूऽऽ आवाज साऱ्या खोऱ्यात घुमला आणि अण्णांच्या चेहऱ्यावर जरा रक्त आलं. दुसऱ्या वळणाच्या अलीकडे आवाज वाढला आणि वेग कमी झाला. मग आवाज आणखी वाढला आणि गाडी जागच्या जागी ओरडायला लागली. जळकट वास आला. अण्णांनी हँडब्रेक ओढला. समोर हापसा होता आणि हापशावर बायका होत्या, कारण बायकांना पाणी रोजच भरावं लागतं.

मी मागून बघत होते. आक्कांनी पायाशी ठेवलेली पिशवी उचलून मांडीवर घेतली. एवढंच केलं. अण्णांनी ती पिशवी बघितली.

त्यांनी दार उघडलं, खाली उतरले, एक मोठा दगड शोधून मागच्या चाकाखाली लावला आणि माझ्या काचेशी आले.

"मॅडम, फुडं बसा. तुमी चालवा."

ज्या स्टेअरिंगवरची धूळ पुसायलासुद्धा वहिनींना परवानगी लागते, ते अण्णा मला देत होते. पुण्यात मी ऑटोमॅटिक चालवायचे. क्लच मी शेवटचा दाबला तो लायसन्सच्या परीक्षेत.

"आणि तुम्ही, अण्णा?"

"मी चालत येतो." मग आक्कांकडे बघून, हापशापर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात ते म्हणाले, "मी जड व्हायलोय गाडीला."

त्यांनी डिकी उघडली, तांदळाचं पोतं खांद्यावर घेतलं आणि बाजूला उभे राहिले.

मी कशी निघाले ते विचारू नका. गाडीनं दोन आचके दिले, हापशावरच्या बायका मागं सरल्या, आणि मग ते नाक फुरफुरवत ती खरंच चढायला लागली. आक्का सीटवर अख्ख्या मागं वळून बसल्या होत्या. मागच्या काचेतून रस्त्यावर अण्णा दिसत होते, खांद्यावर पोतं, इस्त्रीचा सदरा पार चुरगळलेला.

"हळू घे गं," आक्का म्हणाल्या. "त्याला दमा हाय."

"कुणाला?"

"दत्तूला. ल्हानपणापासनं. आता बरा असतोय, पर चढाला धरतोय आजून." त्या मागंच बघत होत्या. "आय गेली तवा ह्यो तीन वर्साचा. दम कोंडला का मी पाठंगुळी घ्यायची आन खिंडीपल्याडच्या दवाखान्यात न्यायची. तोंडाला वारा लागला का जरा बरं वाटायचं त्याला. आट वर्साचा घोडा झाला तरी न्यायची. वाटंवरचं लोक म्हणायचं, पोरी, खाली ठिव, जड हाय त्यो." पुढचं वळण आलं, गाडी घुमली. "मी कदी ठिवला न्हाई."

तीन वर्षं मी या माणसाच्या हवेवर हसत होते. मैत्रिणींना फोन करून त्याच्या नकला करत होते. मला आत्ता माझीच लाज वाटली, आणि नेमकी त्याच क्षणी गाडी डांबरी रस्त्याला लागली, त्यामुळे लाज आणि आनंद दोन्ही एकदमच झाले.

गाडी थांबायच्या आत आक्कांनी दार उघडलं. कुणी न सांगता त्या उतरल्या आणि चढाच्या तोंडाशी, उन्हात जाऊन उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळानं अण्णांचं डोकं दिसलं, मग पोतं, मग अण्णा. पोतं त्यांनी रस्त्याच्या कडेला टाकलं आणि गुडघ्यांवर हात टेकून वाकले. छाती भात्यासारखी चालली होती.

"आक्का," ते म्हणाले. "त्या दिशी मी..."

"बोलू नगंस. दम खा आदी."

आक्कांनी पदर हातात धरला आणि त्यांना वारा घालायला लागल्या. रिसॉर्टकडे निघालेल्या गाड्या बाजूनं जात होत्या, कुणी हॉर्न मारला, कुणी वाकून बघितलं. आक्कांचा हात थांबला नाही. अण्णा हळूहळू सरळ झाले. त्यांची धाप केव्हाच बसली होती आणि ते आक्कांना दिसतही होतं. पण त्या वारा घालत राहिल्या आणि अण्णा मान खाली घालून लहान मुलासारखे समोर उभे राहिले.

मी गाडी बंद केली आणि त्यांचं होईपर्यंत थांबले.